तीन टाके, तीन बिलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील तिसरे पुष्प. वक्त्या आपल्याच बी विंगमधील सभासद असून एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या बिलिंग विभागातून निवृत्त झाल्या आहेत. भाषणाचा मजकूर त्यांनीच नंतर लिहून दिला. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



व्याख्यान वगैरे मी आयुष्यात दिलेलं नाही. २८ वर्षं मी काचेच्या खिडकीमागे बसले आणि त्या खिडकीला हात घालण्यापुरतं एक भोक होतं. लोक तिथून वाकून बोलायचे, मी आतून वाकून उत्तर द्यायचे. त्यामुळे समोर एवढी माणसं ताठ बसलेली बघून मला जरा चुकल्यासारखं होतंय.

पण कमिटीने आग्रह केला, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. रिटायर झाल्यापासून माझ्या दाराची बेल रविवारी सकाळी वाजते. दारात आपल्यापैकीच कुणीतरी असतं, हातात प्लास्टिकची फाईल, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "काकू, जरा एवढं बिल बघता का? क्लेममध्ये एवढे कसे कापले?" मी चहा टाकते आणि फाईल उघडते. दहापैकी आठ वेळा मला एकच सांगावं लागतं, की हा प्रश्न तुम्ही पंधरा दिवस आधी विचारला असता तर बरं झालं असतं. आज तो आधीच विचारायला शिकू, एवढाच माझा विषय.

आपली एजीएम आठवा. मेंटेनन्सच्या बिलात सिंकिंग फंड किती, लिफ्टचा खर्च किती, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांहून जास्त का लावले, यावर आपण दोन-दोन तास भांडतो. भांडायलाच पाहिजे. पण तोच सभासद हॉस्पिटलच्या काउंटरवर पन्नास हजारांच्या बिलावर न वाचता सही करतो, कारण घरचं माणूस आत आहे आणि त्याला लवकर घरी न्यायचंय. मी त्या सह्या हजारोंनी पाहिल्यात. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ती. त्या घाईवरच अर्धं बिल उभं असतं.

एक जखम, तीन जागा

मोठ्या ऑपरेशनविषयी मी आज बोलणार नाही. बायपास असेल, गुडघा बदलायचा असेल, तेव्हा आपण चार ठिकाणी चौकशी करतो. फसगत होते ती छोट्या कामात. टाके, गळू कापणं, नखुरडं, मोतीबिंदू, मूळव्याध, एंडोस्कोपी, एका रात्रीचा हर्निया. "छोटंसंच तर आहे" म्हणून कुणी काही विचारत नाही.

उदाहरण घेऊ. आपल्या ग्राउंडवर क्रिकेट खेळताना एक मुलगा पडला, भुवईवर खोक पडली. तीन टाके पडणार. आता आकडे सांगते ते फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या हॉस्पिटलात वेगळे असतील.

पहिली जागा, आपले नाक्यावरचे डॉक्टर. ते जखम धुतात, जागा बधिर करतात, टाके घालतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात आणि म्हणतात, "हजार रुपये द्या, आठवड्याने टाके काढायला या." कागद मागितला तर एका ओळीची पावती मिळते.

दुसरी जागा, मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. इथे बिलाला सात ओळी असतात. केस पेपर, इमर्जन्सी तपासणी फी, टाके घालण्याची फी, मायनर ओटीचं भाडं, सामान, इंजेक्शन, ड्रेसिंग. बेरीज चार हजार. आणि आठवड्याने टाके काढायला गेलात की पुन्हा तपासणी फी, टाके काढण्याची फी, ड्रेसिंग. म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं, "टाके काढणं आणि मधली ड्रेसिंग यातच धरलीयेत का?" पुष्कळ ठिकाणी ती वेगळी असतात. हॉस्पिटल लपवत नाही, पण कुणी विचारल्याशिवाय सांगतही नाही.

तिसरी जागा, तेच हॉस्पिटल. पण आई म्हणाली, "चेहरा आहे हो, व्रण राहायला नको." मग प्लास्टिक सर्जनना बोलावलं, मोठ्या ओटीत नेलं, मुलगा लहान आणि रडतोय म्हणून भूल देणारे डॉक्टर आले, आणि नंतर चार तास बेड दिला. बेरीज पंचवीस हजार.

टाके तीनच. धागाही जवळपास तोच. बदलल्या त्या जागा, हात आणि शीर्षकं. हॉस्पिटलचं बिल म्हणजे नुसती कामाची मजुरी नसते. कुठल्या खोलीत, कुणी, कुठल्या वर्गात काम केलं याची ती बेरीज असते. कधी तिसरी जागा खरोखरच योग्य असते. पापणी फाटली असेल तर मीही माझ्या नातवाला तिथेच नेईन. पण ती निवड आहे हे कळून निवडावी. काउंटरवर कळू नये.

विमा कंपनी काय बघते

आता मुलाचे वडील म्हणतात, "काकू, आमचा मेडिक्लेम आहे ना!"

पहिल्या दोन बिलांना साधी मेडिक्लेम पॉलिसी एक रुपया देत नाही. ते ओपीडीचं काम. ओपीडीचा खर्च देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण तो भाग वेगळा घेतलेला असावा लागतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे तो नसतो.

तिसऱ्या बिलाचं काय? इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, बेड मिळाला, ओटी झाली, म्हणजे डे-केअर झालं. डे-केअरची व्याख्या तुमच्या पॉलिसीत छापलेली असते आणि सगळ्या कंपन्यांना तीच वापरावी लागते, कारण ती आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, ठरवून दिलेली आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर तिच्यात तीन अटी आहेत. उपचार भूल देऊन किंवा जागा बधिर करून झालेला असावा. नव्या तंत्रामुळे तो २४ तासांच्या आत उरकलेला असावा. आणि तिसरी अट, जी कुणी वाचत नाही: तंत्र पुढे गेलं नसतं तर त्यासाठी २४ तासांहून जास्त ॲडमिट व्हावं लागलं असतं, असा तो उपचार असावा. जे काम एरवी ओपीडीतच होतं, ते डे-केअरमध्ये धरत नाहीत.

मोतीबिंदू बघा. पूर्वी आमच्या आजीला डोळ्याला पट्टी बांधून आठवडाभर हॉस्पिटलात उताणं पडावं लागलं होतं. आज माणूस सकाळी जातो आणि दुपारी घरी येऊन वरण-भात जेवतो. म्हणून मोतीबिंदू डे-केअर. डायलिसिस, केमोथेरपी, किडनीचा खडा फोडणं, हीसुद्धा तशीच. भुवईवरचे तीन टाके मात्र पन्नास वर्षांपूर्वीही ओपीडीतच पडायचे. तेव्हा चार तास बेड मिळाला तरी कंपनी शंका काढणार, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर ते चूक नाही.

एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपीचंही असंच. नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट झालात तर तो खर्च प्रमाणित अपवादांत बसतो. कोलोनोस्कोपी करताना गाठ काढली, तर तो उपचार झाला आणि मग हिशेब बदलतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'स्कोपी' लिहून आणू नका. काय सापडलं आणि काय काढलं ते लिहिलेलं आहे का, ते घरी निघण्याआधी वाचा.

मोतीबिंदूचं गणित

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांपूर्वी राहायला आलेली मंडळी आता मोतीबिंदूच्या वयाला आली. हसू नका, मीही त्यातच. म्हणून हे जरा सावकाश सांगते.

मोतीबिंदूचं बहुधा पॅकेज असतं. पॅकेज म्हणजे शस्त्रक्रिया, ओटी, सामान, भिंग सगळं मिळून एक आकडा. पण आधीच्या तपासण्या, नंतरचे थेंब आणि पुढच्या भेटी त्यात आहेत की नाहीत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. दुसरं म्हणजे भिंग. साधं एकाच अंतराचं भिंग आणि जवळ-लांब दोन्ही दिसणारं मल्टिफोकल यांच्या किमतीत बराच फरक असतो. पुष्कळ कंपन्या साध्या भिंगाचाच खर्च धरतात, वरचा फरक आपला. भिंगाच्या खोक्यावरचं स्टिकर केस पेपरला चिकटवलेलं असतं. त्याची झेरॉक्स फाईलमध्ये पाहिजेच.

तिसरी गोष्ट मर्यादेची. 'आरोग्य संजीवनी' नावाची पॉलिसी घ्या. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्या ती एकाच मसुद्यात देतात, म्हणून तिचं उदाहरण सोपं. तिच्यात मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळतं. तुमचा विमा तीन लाखांचा असला तरी २५ टक्के म्हणजे ७५,००० असं समजून चालू नका, मर्यादा ४०,००० चीच. त्यावर पाच टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा आपण उचलायचा. शिवाय पॉलिसी घेतल्यावर पहिली २४ महिने मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांना थांबावं लागतं. तुमची पॉलिसी दुसरी असेल तर तिचे आकडे वेगळे असतील, पण हे तीन कप्पे बहुतेक ठिकाणी सापडतील: मर्यादा, को-पे, थांबण्याचा काळ.

खोली नावाचा सापळा

गेल्या दिवाळीत आपल्यातलेच एक काका फाईल घेऊन आले. हर्नियाचं ऑपरेशन, एक रात्र मुक्काम. विमा तीन लाखांचा. क्लेम अर्ध्यावर आला. काका चिडलेले, "तीन लाखांतले लाखसुद्धा वापरले नाहीत, मग कापले कसे?"

मी पॉलिसी उघडली. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. काकांनी घेतली होती सहा हजारांची खोली. त्यांचा हिशेब असा, की एका रात्रीचे वरचे तीन हजार भरू. पण हॉस्पिटलमध्ये खोलीचा वर्ग बदलला की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटीचं भाडं सगळंच वरच्या दराने लागतं. म्हणून कंपनी म्हणते, आम्ही निम्म्या खोलीला जबाबदार, तर या खर्चांनाही निम्मेच जबाबदार. सर्जन, भूल आणि ओटी मिळून ६०,००० असतील तर ३०,००० मिळणार. एका रात्रीच्या टीव्ही आणि सोफ्याची किंमत तीन हजार नव्हती, तेहतीस हजार होती. वर दिवसाला पाच हजारांहून महाग खोलीवर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, ते तीनशे वेगळेच.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि तिच्यामुळेच काकांचे काही पैसे परत आले. नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार ही प्रमाणात कपात औषधांना, वापरून टाकण्याच्या सामानाला, इम्प्लांटला आणि तपासण्यांना लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. आणि जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलला तर मुळीच नाही. काकांच्या क्लेममध्ये हर्नियाची जाळीसुद्धा निम्मी केली होती. जाळी जनरल वॉर्डमध्ये आणि डिलक्समध्ये एकच असते! एक पानाचं पत्र लिहिलं, नियम नमूद केला, आणि जाळी, औषधं, रक्ततपासण्या यांचे कापलेले पैसे मिळाले. सर्जनच्या फीचे गेले ते गेलेच.

डे-केअरलाही हे लागू होतं, हे लक्षात ठेवा. चार तासांसाठी जाताना काउंटरवर विचारतात, "कुठला क्लास?" आणि आपण म्हणतो, "चांगली द्या." तो शब्द बिलभर पसरतो.

कापूस, ब्लेड आणि 'नॉन-पेएबल'

शेवटच्या पानावर 'नॉन-पेएबल' म्हणून जे येतं, त्यावर सगळ्यात जास्त वाद होतात. नियामकाने यासाठी चार याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तूंचे पैसे विमा देतच नाही, ते रुग्णाचे. उरलेल्या तीन याद्यांतल्या वस्तू खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या फीत किंवा उपचाराच्या खर्चात सामावलेल्या धरायच्या. उदाहरणार्थ कापूस, गॉज, सर्जिकल ब्लेड, डोळ्याचं ड्रेप हे शस्त्रक्रियेच्या फीतच आलं पाहिजे, असं तिसरी यादी म्हणते.

प्रत्यक्षात काय होतं? हॉस्पिटल फी लावतं, शिवाय कापूस-गॉज वेगळं लिहितं. कंपनी म्हणते हे फीत आलंच, आम्ही वेगळं देणार नाही. मग ती रक्कम रुग्णाच्या अंगावर पडते. कॅशलेस असेल तर इथे तोंड उघडायचं. शांतपणे म्हणायचं, "हे प्रोसीजर चार्जेसमध्ये धरायचं आहे ना? मग मला वेगळं का?" मी खिडकीच्या आत होते म्हणून सांगते, असं विचारणाऱ्याचं बिल आम्ही पुन्हा वर पाठवायचो. ओरडणाऱ्याचं नाही, यादीचं नाव घेणाऱ्याचं.

आणि एका प्रश्नाचं उत्तर जपून द्या. काउंटरवर पहिलाच प्रश्न असतो, "इन्शुरन्स आहे का?" तो विचारणं गैर नाही. हॉस्पिटलकडे एकाच कामाची दोन-तीन दरपत्रकं असतात: रोख भरणाऱ्यांचं, ज्या विमा कंपन्यांशी करार आहे त्यांचं, सरकारी योजनेचं. तुम्ही कुठल्या पानावर आहात हे त्यांना कळायला हवं. पण दर ऐकण्याआधी उत्तर दिलंत तर बाकीची पानं तुम्हाला कधी दिसत नाहीत. आधी विचारा, "रोख किती आणि कॅशलेस किती?" आपल्या राज्यात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. तिथे बोट ठेवून विचारायला लाज कसली?

मी बदललेली वेळ

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर घरातसुद्धा नीट सांगितलेली नाही.

नोकरीला आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ, मांडीला मोठं गळू. सकाळी आले, कापलं, ड्रेसिंग केली, रात्री उशिरा घरी. त्या वेळी त्यांच्या पॉलिसीला २४ तास पुरे लागत होते. त्यांची बायको खिडकीशी येऊन रडली. ज्युनियर डॉक्टर म्हणाले, "ताई, आदल्या रात्री नऊ टाका ना, कोणाचं काय जातंय?" मी टाकले. मला खरंच वाटलं, मी पुण्य केलं. क्लेम पास झाला. बाई पेढे घेऊन आल्या होत्या.

तीन वर्षांनी त्याच माणसाला हृदयविकाराचा झटका आला, दुसऱ्या हॉस्पिटलात. क्लेम मोठा होता, म्हणून कंपनीने जुने कागद तपासायला माणूस पाठवला. तो आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आला. माझ्या कागदावर ॲडमिशन रात्री नऊ, आणि नर्सच्या चार्टवर पहिली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा. मधल्या चौदा तासांत ना टेंपरेचर, ना बीपी, ना एक गोळी. त्याने दोन्ही पानांची झेरॉक्स नेली.

हृदयाचा झटका शंभर टक्के खरा होता. तरी तो क्लेम महिनोन्‌महिने अडकला. ते गृहस्थ एकदा माझ्या खिडकीशी आले. खूप वाळले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तेव्हा ती वेळ कुणी टाकली होती हो?" मी फाईल चाळल्यासारखं केलं आणि म्हटलं, "जुनं आहे, बघावं लागेल." ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. पुढे त्यांना पैसे मिळाले की नाही, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

हे आज सांगण्याचं कारण आहे. रविवारी बेल वाजवणाऱ्यांपैकी काही जण हळूच विचारतात, "काकू, तुमची ओळख आहे, एक रात्र ॲडमिट दाखवता येईल का?" मी नाही म्हणते तेव्हा राग येतो. येऊ दे. पॉलिसीला सलग पाच वर्षं झाली की जुना आजार सांगितला नव्हता म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, असा नियम आता आहे. पण त्याला एक अपवाद आहे: सिद्ध झालेली फसवणूक. चार हजारांच्या गळवासाठी लिहिलेलं खोटं चार लाखांच्या खऱ्या दुखण्याच्या आड येतं. आणि तेव्हा लिहिणारा खिडकीच्या आत सुरक्षित असतो. बाहेर तुम्ही असता.

मग करायचं काय

फ्रिजवर लावता येईल असं थोडक्यात सांगते.

१. ठरवून करायचं काम असेल तर आधी लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात काय धरलंय आणि काय नाही, हे लिहून मागा.

२. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, दोन-चार पानांचं. खोलीची मर्यादा, उपमर्यादा, को-पे, थांबण्याचा काळ त्यात असतो. तेवढं वाचून खोली निवडा.

३. कंपनीला आधी कळवा. ठरवून केलेल्या कामाला बहुतेक पॉलिसीत ४८ तास आधी, तातडीच्या वेळी ॲडमिट झाल्यापासून २४ तासांत.

४. निघताना डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट, भिंग किंवा जाळीचं स्टिकर एकत्र घ्या. आपल्या केसचे कागद मागितले तर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ॲडमिट होण्याआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचा संबंधित खर्चही मिळतो, आरोग्य संजीवनीत ३० आणि ६० दिवस. म्हणून थेंबांची आणि ड्रेसिंगची बिलं फेकू नका.

५. कपात झाली तर कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागा. ते सांगणं कंपनीचं काम आहे. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. मात्र कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

एक शेवटचं, आणि हे आपल्यासाठी नाही. आपले वॉचमन, आपल्या घरी येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले, यांच्याकडे मेडिक्लेम नसतो. आपल्या राज्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथे समाजसेवा अधिकारी नावाचं टेबल असतं, पण मावशींना ते कुणी दाखवत नाही. आमच्याच हॉस्पिटलात ते टेबल जिन्याखाली होतं. आपल्यापैकी एकाने सोबत जाऊन "ते टेबल कुठे आहे?" एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं. आणि आपल्यातल्या सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*सी विंगमधील एका सभासदांनी विचारलं: डिस्चार्ज सकाळी सांगतात आणि कंपनीची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ होते. तो दिवस कुणाच्या खात्यात?*

आपल्या नाही. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलची विनंती गेल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. पण तीन तास मोजायला सुरुवात होते हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून. म्हणून "बिल पाठवलं का आणि किती वाजता?" हे टीपीए डेस्कला विचारून वेळ लिहून ठेवा. निम्म्या वेळा कागद आमच्याच टेबलावर पडलेला असायचा.

*ए विंगमधील एका तरुण सभासदांनी विचारलं: एवढं सगळं विचारत बसलो तर डॉक्टर चिडणार नाहीत?*

डॉक्टरांना पैशांचं विचारूच नका, त्यांना दुखण्याचं विचारा. हे काम ओपीडीत होईल की ॲडमिट व्हावं लागेल, आणि का, हा दुखण्याचा प्रश्न आहे. चांगले डॉक्टर त्याचं उत्तर आनंदाने देतात. पैशांचं बिलिंगला विचारा. तिथे माझ्यासारखी कुणीतरी वाकून बसलेली असते. तिला "ताई" म्हणा, घाई करू नका, आणि खोटी वेळ टाकायला सांगू नका. ती कदाचित टाकेल, आणि मग जन्मभर तिच्या लक्षात राहील.

पंचवीस वर्षांत या सोसायटीने पाण्याचे टँकर पाहिले, लिफ्ट बंद पडलेली पाहिली, कोविडमध्ये एकमेकांच्या दारात डबे ठेवले. मध्यरात्री हॉस्पिटलात जायची वेळ आली तर कुणाची गाडी काढायची हे आपल्याला पाठ आहे. त्या गाडीत पेशंटसोबत आणखी एक माणूस बसू दे, ज्याचं काम फक्त कागद वाचणं. रविवारची बेल वाजवत राहा, चहा आहेच. फक्त फाईल घेऊन येण्याआधी, जायच्या आधी या.